तुमची किंमत तुम्हीच सांगा

(मंडळाच्या हॅरो इथल्या कट्ट्यावर केलेलं भाषण. अंकासाठी लिहून काढताना थोडी डागडुजी केली आहे, बोलण्याचा बाज मात्र तसाच ठेवला आहे.)



कार्यकारिणीचा फोन आला तेव्हा मला वाटलं, नेहमीप्रमाणे प्रोजेक्टर लावायला बोलावताहेत. कॉम्प्युटर इंजिनिअर माणसाला मंडळात दोनच कामं मिळतात, एक प्रोजेक्टर आणि दुसरं वेबसाइट. पण पलीकडून आवाज आला, "अहो, या वेळी तुम्ही बोलायचं आहे." म्हटलं, कशावर? तर म्हणाले, "नोकरी नव्हती तेव्हा तुम्ही जे काय केलंत ना, त्यावर."

"जे काय" हे शब्द मला फार आवडले. कारण नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४ या सात महिन्यांत मी नक्की काय केलं, हे मलाही एका वाक्यात सांगता येत नाही. सीव्हीवर तर मुळीच नाही. आज प्रयत्न करतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी मूळचा सांगलीचा. वालचंदला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, २००९ला बाहेर पडलो, पुण्यात चार वर्षं काढली आणि २०१३ला इकडे आलो. गेली काही वर्षं कॉन्ट्रॅक्टिंग करतो. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांना त्याचा अर्थ सांगायला नको. आज हा क्लायंट, उद्या तो. सुट्टी घेतली तर पैसे नाहीत. आणि एप्रिल २०२१ पासून आयआर थर्टीफाइव्हचे नियम बदलल्यावर तर काय, निम्मी हुशारी काम करण्यात आणि निम्मी कागदपत्रांत. तर एका शुक्रवारी क्लायंटने सांगितलं की प्रोजेक्ट थांबवतोय. सोमवारपासून येऊ नका. तक्रार काही नाही, कॉन्ट्रॅक्टमध्ये तसंच लिहिलं होतं. वाचलं नव्हतं एवढंच.

पहिले दोन आठवडे मजेत गेले. मुलीला शाळेत सोडणं, घर आवरणं, गॅरेजचं दार दुरुस्त करणं. तिसऱ्या आठवड्यापासून रिक्रूटरचे फोन यायचे बंद झाले. जे यायचे त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "तुमचा रेट काय?" मी आकडा सांगायचा. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, "सध्या मार्केट जरा..." पुढच्या फोनला मी आपणच आकडा कमी करून सांगायचा. त्याच्या पुढच्या फोनला आणखी कमी. मंडळी, स्वतःची किंमत स्वतःच्या तोंडाने दर आठवड्याला कमी करून सांगणं, हे जे काही आहे ना, ते पैशापेक्षा जास्त लागतं. बायकोचा पगार चालू होता, त्यामुळे घर चाललं. व्हिसाची टांगती तलवार नव्हती. पण सांगलीला मी काही कळवलं नाही. दर रविवारी फोनवर बाबा विचारायचे, "काम कसं चाललंय?" आणि मी म्हणायचो, "बिझी आहे."

त्या बिझीपणात मी एक श्रुतिका लिहायला घेतली. आपल्याकडे सहा महिन्यांसाठी येणारे आई-वडील असतात ना, त्यांच्यावर. एक आजी, रेनर्स लेनला मुलाच्या घरी आलेली. दिवसभर एकटी. बोलायला कोणी नाही म्हणून फोडणी करकरून स्मोक अलार्म वाजवते, म्हणजे निदान शेजारीण तरी दार ठोठावेल. (हसू नका, यातलं अर्धं आमच्या घरात घडलंय.) गणपतीच्या कार्यक्रमात करू, असा विचार होता. तीस मिनिटांची संहिता, चार आवाज, आमच्याच मंडळातले. रेकॉर्डिंग घरातच, कपाटात. कपड्यांनी भरलेल्या कपाटात आवाज घुमत नाही, हे नोकरी गेल्यावर मिळालेलं पहिलं तांत्रिक ज्ञान.

आता प्रवेशांच्या मध्ये संगीत हवं. मी आपला पंचमदांचा एक तुकडा टाकून मोकळा झालो. मंडळाचा साऊंड सांभाळणारा आमचा मित्र म्हणाला, "अरे बाबा, हॉलमध्ये वाजवणं वेगळं आणि रेकॉर्डिंगमध्ये घालून नेटवर ठेवणं वेगळं. परवानगी लागेल. आणि ती तुला परवडणार नाही." मग परवडणारं संगीत कुठे मिळतं, या शोधात मी निघालो, आणि जो काही भरकटलो तो अजून परत आलेलो नाही.

भरकटण्याची सुरुवात स्वयंपाकघरातल्या रेडिओवरून झाली. बीबीसीचं सिक्स म्युझिक नावाचं स्टेशन आहे. २००२ला सुरू झालं. २०१०मध्ये ते बंद करायचं घाटत होतं, तेव्हा श्रोत्यांनी इतका गलका केला की निर्णय फिरवावा लागला. आमच्या घरात रेडिओ म्हणजे ट्रॅफिकच्या बातम्या. त्या दिवशी मुलीने कुठलं तरी बटण दाबलं आणि हे लागलं. एका बाईचा आवाज, मागे बहुधा शिवणयंत्र, मध्येच तुतारीसारखं काहीतरी. मी पोळ्या लाटत होतो. थांबलो. संपल्यावर निवेदकाने सांगितलं की या बाईंनी हे घरच्या घरी रेकॉर्ड केलंय आणि स्वतःच विकताहेत. मी म्हटलं, म्हणजे आपल्यासारखंच! फक्त कपाट वेगळं.

मग मी वाचायला लागलो. इंजिनिअरला संगीत कळत नसलं तरी डॉक्युमेंटेशन वाचता येतं. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, एवढं माहीत होतं. पण ही गाण्याची शैली आहे, असं मला वाटायचं. लांब केस, उदास गिटार वगैरे. मुळात तसं नाही. १९८० पासून ब्रिटनमध्ये इंडी रेकॉर्डांची वेगळी यादी निघायला लागली, त्यात गाणं कुठल्या प्रकारचं आहे हे बघत नसत. रेकॉर्ड बड्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून आली आहे का, एवढंच बघत. म्हणजे इंडी हा राग नव्हे, हिशेब आहे! कोणी पैसे घातले, कोणी माल पोचवला, नफा-तोटा कोणाच्या डोक्यावर.

आणि हिशेबाच्या या गोष्टी मोठ्या रंजक आहेत. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने घरच्यांकडून आणि मित्रांकडून पाचशे पौंड उसने घेऊन जानेवारी १९७७मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतः काढली. त्याच वर्षी लंडनच्या डेस्परेट बायसिकल्स नावाच्या मंडळींनी आपली पहिली रेकॉर्ड १५३ पौंडांत केली. आणि १९७८मध्ये स्क्रिटी पोलिटी या बँडने तर कमाल केली. रेकॉर्डच्या वेष्टनावरच सगळा खर्च छापला! स्टुडिओचे इतके, छपाईचे इतके, लेबलचे इतके. हेतू हा की वाचणाऱ्याने म्हणावं, अरे, एवढंच? मग मीही करतो. आपण सॉफ्टवेअरवाले सोर्स कोड उघडा करतो, त्याचं मोठं कौतुक सांगतो. या पोरांनी संगीताचा सोर्स कोड १९७८मध्ये उघडा केला होता.

लांब कशाला, आपल्या हॅरोचंच सांगतो. हॅरो अँड वील्डस्टोन स्टेशनजवळ पूर्वी रेल्वे हॉटेल नावाचं एक पब होतं. १९६४मध्ये तिथे द हू हा बँड वाजवत असे, तेव्हा त्यांना फार कोणी ओळखत नव्हतं. छत इतकं बुटकं की पीट टाउनशेंडची गिटार वर आपटून मोडली, आणि मग चिडून त्याने उरलेली गिटारही फोडली. पुढे गिटार फोडणं ही त्यांची ओळखच झाली. ते पब नंतर आगीत गेलं, तिथे फ्लॅट झाले आणि इमारतींना बँडमधल्या लोकांची नावं दिली. मी कितीतरी वर्षं त्या बाजूने गाडी पकडायला धावलो. डॅल्ट्री हाउस ही पाटी वाचून मला वाटायचं, कोणी नगरसेवक असतील.

पण मला खरा धक्का बसला तो एका गाण्याने. १९९७मध्ये कॉर्नरशॉप नावाच्या बँडने 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे गाणं काढलं. बँडचा म्होरक्या तजिंदर सिंग, वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये जन्मलेला पंजाबी मुलगा. देशी माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार, असं इथले लोक समजायचे, म्हणून बँडचं नावच कॉर्नरशॉप ठेवलं. आणि त्या गाण्यातली आशा कोण? आशा भोसले! आमच्या सांगलीत जन्मलेल्या आशाताई! बीबीसीचे जॉन पील म्हणून निवेदक होते, अनोळखी बँडना रेडिओवर जागा देण्यात त्यांची हयात गेली. २००४मध्ये ते वारले. त्यांच्या श्रोत्यांनी १९९७च्या वर्षअखेरच्या यादीत हे गाणं पहिलं निवडलं. मग फॅटबॉय स्लिमने त्याची गती वाढवून नवं रूप केलं आणि फेब्रुवारी १९९८मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. ज्या विइजा लेबलवर ते निघालं, त्याचं नावसुद्धा काय, तर टॅलबॉट रोडवरच्या रफ ट्रेड या दुकानाचा पोस्टकोड, डब्ल्यू-वन-वन वन-जे-ए!

मी तेव्हा सांगलीत पाचवीत होतो. इकडे आख्खा ब्रिटन आशाताईंच्या नावावर डोलत होता आणि आमच्या गल्लीत कोणाला पत्ता नव्हता. मी ते गाणं मोबाइलवर लावून स्टेशन रोडवरून चालत गेलो. भर जानेवारी, हाडं गोठवणारा वारा, आणि मी एकटाच हसतोय. लोकांनी बाजूने वाट काढली.

तर संगीताचा शोध. मला बँडकॅम्प सापडलं. २००८ पासूनचं हे एक ऑनलाइन दुकान आहे, तिथे गाणारा स्वतःचं गाणं स्वतः विकतो. डिजिटल विक्रीतले साधारण पंधरा टक्के दुकान ठेवतं, बाकी बहुतेक कलाकाराकडे जातात. मार्च २०२० पासून काही शुक्रवारी तर तेही घेत नाही. (ऑक्टोबर २०२३मध्ये मालकी बदलताना त्यांच्या निम्म्या लोकांची नोकरी गेली, माझ्या बरोबर एक महिना आधी. तेव्हापासून मला त्या दुकानाविषयी बंधुभाव आहे.)

तिथे मी 'मुंबई', 'पुणे', 'मराठी' असे शब्द टाकून रात्र-रात्र बसायला लागलो. काय काय सापडलं! चरणजित सिंग नावाचे मुंबईचे वादक, सिनेसंगीतात साथ करणारे. त्यांनी १९८२मध्ये रोलँडची यंत्रं घेऊन 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही रेकॉर्ड केली. भैरव, यमन, मालकंस, आणि खाली यंत्राचा ठेका. तेव्हा कोणी विचारलं नाही. शिकागोच्या पोरांनी तीच यंत्रं पिळून जगाला नाचायला लावलं ते पाच वर्षांनी. शेवटी एका डच संग्राहकाच्या हाती ती रेकॉर्ड लागली, २०१०मध्ये पुन्हा निघाली, आणि सत्तरीच्या घरातले चरणजित सिंग युरोपात कार्यक्रम करून आले. २०१५मध्ये ते गेले. अलीकडचं म्हणाल तर 'अभंग रीपोस्ट'सारखा बँड संतांचे अभंग बास गिटार आणि ड्रमवर गातो. 'तांबडी चामडी' २०२४मध्ये गाजलं, ते तर तुमच्या मुलांनीच तुम्हाला ऐकवलं असेल.

या धुंडाळण्यात पुण्याच्या एका मुलाचा अल्बम हाती लागला. त्याचं नाव सांगत नाही, ऑफिसात कळायला नको असं त्याने बजावलंय. त्याने पिठाच्या गिरणीचा आवाज रेकॉर्ड केला होता. तो पट्टा, ती घरघर, शेवटी दाणे संपत आल्यावर बदलणारा सूर. आणि त्यावर अगदी संथ गिटार. माझ्या आजीच्या श्रुतिकेला हेच हवं होतं! विकत घ्यायला गेलो तर किमतीच्या जागी एक रिकामी चौकट आणि शेजारी लिहिलेलं, 'नेम युवर प्राइस'. तुमची किंमत तुम्हीच सांगा.

मी शून्य लिहिलं. चालतं शून्य. पण बटण काही दाबवेना. माझ्या मनात आलं, गेले तीन महिने लोक माझा रेट विचारताहेत, आणि मी सांगितल्यावर पलीकडे दोन सेकंद शांतता पसरते, ती मला माहीत आहे. आणि आता कोणीतरी मला विचारतंय की माझ्या कामाची किंमत तू सांग, आणि मी सांगतोय शून्य. पाच पौंड लिहिले. बायकोने स्टेटमेंटवर पाहिले आणि विचारलं, "हे काय?" म्हटलं, गिरणी. ती म्हणाली, "दळण महाग झालंय."

त्या मुलाला मी परवानगी मागणारं पत्र लिहिलं. इंग्रजीत, एकदम प्रोफेशनल. त्याचं उत्तर मराठीत आलं, "वापरा की दादा. नाव द्या फक्त. आणि श्रुतिका झाली की पाठवा, माझी आजी ऐकेल." दिवसा हिंजवडीत टेस्टिंग, रात्री गिरणी. अल्बम विकत घेणारे तोपर्यंत किती? माझ्यासकट सतरा.

सतरा! मी म्हटलं, कशाला करतो हा मुलगा हे? आणि मग वाटलं, हा प्रश्न मी तरी कोणत्या तोंडाने विचारतोय? आपल्याकडे तर पदरमोड करून छापायची परंपराच आहे. १९०९मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तिथपासून आजच्या आपल्या अंकापर्यंत. आपल्या अंकाच्या खजिनदारांना विचारा! अरुण कोलटकरांचं 'जेजुरी' १९७६मध्ये क्लिअरिंग हाउसने काढलं. क्लिअरिंग हाउस ही काही बडी कंपनी नव्हती. आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि स्वतः कोलटकर, असे चार कवी एकत्र आले आणि आपली पुस्तकं आपणच काढायला लागले. पुढच्या वर्षी त्या पुस्तकाला कॉमनवेल्थ पारितोषिक मिळालं. हे कोलटकर अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकत होते आणि इंग्रजी गाणीही लिहीत होते, हे मला या भटकंतीतच कळलं. ज्या वर्षी मुंबईत 'जेजुरी' निघालं, त्याच वर्षी लंडनमध्ये रफ ट्रेडचं दुकान उघडलं. एकमेकांची खबर नसताना दोन्हीकडे तेच चाललं होतं.

आणि हे सगळं वाचता वाचता मला एकदम आठवली ती पत्र्याची ट्रंक.

इथून पुढचं बोलायला मला थोडं जड जातं, सांभाळून घ्या.

माझे बाबा वीज मंडळात क्लार्क होते. पेटी वाजवायचे, गणपतीत चाली बांधायचे. १९८८मध्ये, मी वर्षाचा असताना, त्यांनी स्वतःच्या गाण्यांची एक कॅसेट काढली. ए बाजूला भावगीतं, बी बाजूला भजनं. दोनशे प्रती. आमच्या घरात ती 'बाबांची कॅसेट' म्हणून एक चेष्टेचा विषय होती. आई म्हणायची, "त्या पैशात फ्रिज आला असता." उरलेल्या प्रती ट्रंकेत होत्या.

१९९९मध्ये मी बारा वर्षांचा. वॉकमन मिळाला होता, कोऱ्या कॅसेटला पैसे नव्हते. तुमच्यापैकी माझ्या वयाच्या मंडळींना आठवेल, कॅसेटच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे तुकडे मोडलेले असले की तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड होत नाही. पण त्या खाचेत कागदाचा बोळा कोंबला की होतं. मी ट्रंक उघडली. एक-एक करून बोळे कोंबले. 'ताल' भरलं, आणखी बरंच काही भरलं. गल्लीतल्या मित्रांनाही वाटल्या. दोनेक वर्षांत ट्रंक जवळजवळ रिकामी झाली. बाबा काही बोलले नाहीत. त्यांना माहीतच नाही, असं मी पंचवीस वर्षं धरून चाललो होतो.

मार्चमधल्या एका मंगळवारी मी सांगलीला फोन लावला. म्हटलं, "बाबा, तुमच्या त्या कॅसेटला किती खर्च आला होता हो?"

बाबा थोडे थांबले. म्हणाले, "तुझी नोकरी गेली का रे?"

"का?"

"मंगळवारी भर दुपारी फोन करून कॅसेटचा खर्च विचारतोयस. बिझी माणूस असं विचारत नाही."

मग सांगून टाकलं सगळं. ते एवढंच म्हणाले, "आधी सांगायचं." संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर एक फोटो आला. १९८८च्या डायरीचं पान. स्टुडिओ १,२००. तबला २५०. व्हायोलिन ३००. कॅसेट दोनशे, प्रत्येकी १० प्रमाणे २,०००. कार्ड छपाई ४५०. चहा-वडे ६४. एकूण ४,२६४. म्हणजे त्यांचा दोन-अडीच महिन्यांचा पगार. आणि खाली वेगळ्या शाईत, विक्री ६१ प्रती, १५ प्रमाणे ९१५. तोटा ३,३४९. खाली रेघ. पान संपलं.

स्क्रिटी पोलिटीच्या वेष्टनाचं मी एवढं कौतुक केलं ना, तसाच हिशेब आमच्या घरातल्या कपाटात होता. आणि मी त्यावर बोळे कोंबले होते.

मी माफी मागितली. बाबा म्हणाले, "मला माहीत होतं की. पडून होत्या त्या वापरात आल्या, म्हटलं बरं झालं." आणि मग म्हणाले, "'ताल'च्या कॅसेटमध्ये बी बाजूला शेवटी माझं एक भजन उरलं होतं. तुझी गाणी संपली आणि जागा उरली होती. तू शाळेत गेलास की मी लावायचो."

यावर मला काही बोलता आलं नाही. आजही येत नाही.

चार प्रती शिल्लक होत्या. तिघींना बुरशी लागली होती. चौथी बाबांनी कुरिअरने पुण्याला गिरणीवाल्या मुलाकडे पाठवली. त्याने ती साफ करून, कॉम्प्युटरवर उतरवून मला पाठवली. आवाज दबका, तबला जरा पुढे पळतोय, एका ठिकाणी स्टुडिओबाहेरचा रिक्षाचा हॉर्नही आहे. पण बाबांचा आवाज चाळिशीच्या अलीकडचा, म्हणजे माझ्या आजच्या वयाचा. मी ते हेडफोन लावून कपाटात बसून ऐकलं. बाहेर मुलगी विचारत होती, "बाबा, तू कपाटात काय करतोयस?" म्हटलं, रेकॉर्डिंग.

त्या मुलाला पेटीचा एक तुकडा इतका आवडला की त्याने बाबांना फोन करून स्वतःच्या नव्या गाण्यात घ्यायची परवानगी मागितली. बाबा जुन्या वळणाचे, त्यांनी थेट विचारलं, "मानधन काय देणार?" तो म्हणाला, "काका, तुमची किंमत तुम्हीच सांगा." बाबांनी विचार केला आणि म्हणाले, "पंधरा रुपये. कॅसेटची किंमत तीच होती." त्याने लगेच पाठवले. बाबांनी डायरी काढून तेही लिहून ठेवलं, विक्री ६२.

असो. पुढचं पटकन सांगतो, चहा निवत असेल.

जूनमध्ये मला काम मिळालं. रेट आधीपेक्षा दहा टक्के कमी. घेतला. तेव्हा कोणी इथे असा समज करून घेऊ नका की नोकरी सोडा, कलेत रमा, सगळं छान होतं. तसं काही नाही. ते सात महिने वाईट होते, आणि बायकोची नोकरी नसती तर मी गिरणीचे आवाज ऐकत बसलो नसतो. सप्टेंबर २०२४मध्ये गणपतीत श्रुतिका झाली. त्रेचाळीस लोक होते, मी मोजले. सुरुवातीला बाबांची पेटी, मध्ये पुण्याची गिरणी. आई-बाबांनी सांगलीहून मोबाइलवर ऐकली. आईचा अभिप्राय, "पेटी छान आहे. कोणाची आहे?" छत्तीस वर्षांनी!

मी काही कलाकार झालो नाही. पण ऐकणारा झालो, आणि ऐकणाऱ्याचंही एक काम असतं, हे मला कळलं. बझकॉक्सना उसने पाचशे पौंड देणारे कोणीतरी होते. जॉन पील यांना पत्रं लिहिणारे होते. बाबांच्या कॅसेटचे एकसष्ट जण होते, ते कोण हे मी आता बाबांना विचारून लिहून काढतोय. एक्केचाळीस नावं मिळाली आहेत. घरात आम्ही मात्र त्या एकसष्टांत नव्हतो. आम्ही फुकट ऐकलं आणि वरून हसलो.

म्हणून एकच विनंती. तुमच्या माहितीत असं कोणीतरी असेलच. गाणारी वहिनी, नाटकं लिहिणारे काका, रात्री खोलीत बीट करणारा भाचा. त्यांच्या कामाला 'छान छान' म्हणू नका. पूर्ण ऐका, आणि चौकटीत शून्य सोडून काहीतरी लिहा. पाच पौंड लिहा, पंधरा रुपये लिहा. आणि घरी कुठे पत्र्याची ट्रंक असेल, तर या वेळी भारतात जाल तेव्हा उघडून बघा. बोळे काढा.

हॉलच्या चाव्या मला नऊच्या आत परत द्यायच्या आहेत, आणि प्रोजेक्टरही शेवटी मलाच काढायचाय.